मोरणीचा उजवा कान

१

पिराजी खोतांचं म्हणणं ऐकून घ्या, असं हायकोर्टानं विमा कंपनीला बजावलं, तेव्हा पिराजी खोतांचं वर्षश्राद्ध तोंडावर आलं होतं. आता बोला! ज्याचं ऐकायचं तो माणूसच उरला नव्हता, आणि ऐकायचं काम येऊन पडलं अनुजा इंगवलेच्या गळ्यात.

अनुजा विमा कंपन्यांसाठी दाव्यांची चौकशी करायची. कोल्हापूरला राजारामपुरीत आठव्या गल्लीत, एका कोचिंग क्लासच्या डोक्यावर तिचं ऑफिस. खाली पोरं मोठमोठ्यानं सूत्रं घोकायची आणि वर ही बया लोकांच्या जळालेल्या गाड्या आणि खोटी दुखणी तपासत बसायची. तोंडानं फटकळ होती. पण एकदा समोरचा बोलायला लागला, की मधे तोंड घालायची नाही. या धंद्यात एवढा गुण पुष्कळ झाला.

प्रकरण होतं म्हशीचं. गंगावेशीतल्या पिराजी खोतांची मोरणी नावाची म्हैस दिवाळीच्या पाडव्यानंतर आठवड्याभरात पोट फुगून मेली. म्हशीचा विमा होता. विम्याची खूण म्हणजे कानातला पिवळा टॅग, नंबर घातलेला. मेलेल्या म्हशीच्या कानात तो टॅग होता, नंबरही बरोबर होता. तरी कंपनीनं दावा फेटाळला. का? तर विमा उतरवतानाच्या फोटोत टॅग उजव्या कानात, आणि मेलेल्या म्हशीच्या डाव्या! शिवाय टॅग मूळच्या पिनेवर नव्हता, पितळी रिव्हिटवर ठोकलेला. म्हणजे विम्याच्या म्हशीचा टॅग काढून दुसऱ्याच मेलेल्या म्हशीला लावला, उघड लबाडी आहे, असा अहवाल कंपनीच्या माणसानं दिला.

पिराजी या दारातून त्या दारात फिरले. जो तो म्हणायचा, हे आमच्या अधिकारात बसत नाही. शेवटी एका तक्रार निवारण मंचानं प्रकरण घेतलं आणि पहिल्याच बैठकीत 'फसवणूक सिद्ध' असा शिक्का मारून मोकळा झाला. त्यावर पिराजी हायकोर्टात गेले. आता हायकोर्ट कोल्हापुरातच बसतं, त्यामुळं मुंबईचा खर्च वाचला, एवढंच काय ते सुख.

कोर्टानं दोन गोष्टी खडसावून सांगितल्या. एक, फसवणुकीचा निवाडा करणं त्या मंचाच्या अधिकारकक्षेतच नव्हतं. दोन, ज्या अहवालावरून या माणसाला लबाड ठरवलं, तो अहवाल त्याला कुणी दाखवलाही नाही आणि त्याची बाजू कुणी विचारलीही नाही. आदेश रद्द. पुन्हा पहिल्यापासून चौकशी करा, आणि सगळ्यांचं म्हणणं ऐकून करा.

अनुजानं निकाल वाचला, पिराजींची याचिका वाचली आणि कपाळाला आठ्या घालून बसली. याचिकेत अधिकारकक्षेवर पानंच्या पानं होती. म्हशीचा कान बदलला कसा, यावर एक ओळ नव्हती. माझं ऐका म्हणून हायकोर्टापर्यंत गेलेला माणूस, आणि सांगायचं काय होतं तेच कुठं सांगत नाही!

फाइलबरोबर आलेल्या पुडीतला टॅग तिनं हातात घेतला. मागच्या बाजूला मूळ पिनेचा बुंधा अजून चिकटून होता, वरून सपाट. शेजारी नवं भोक पाडून रिव्हिट घातलेला.

पहिला अहवाल यशराजचा होता. तो आता बढती घेऊन पुण्यात बसला होता. तिनं फोन लावला.

"अगं, एक सुनावणी घे, सही घे आणि निष्कर्ष तोच ठेव," यशराज म्हणाला. "कोर्टाला प्रक्रिया हवी आहे, ती देऊन टाक."

"तू पिराजींना काय काय विचारलं होतंस?"

"विचारायचं काय त्यात? कानच बोलत होता की."

"बरं. मेली ती दुसरी म्हैस, असं तुझं म्हणणं. मग खरी मोरणी कुठं आहे?"

"विकली असेल."

"कुणाला?"

यशराजला एकाएकी मीटिंग आठवली.

२

गंगावेशीत संध्याकाळी दूधकट्टा भरतो. गिऱ्हाइकासमोर म्हैस पिळायची आणि फेसाळता पेला हातात द्यायचा. कट्ट्याच्या मागच्या बोळात खोतांचा गोठा होता. गोठ्यात एक तरणी म्हैस, एक रेडकू आणि त्यांना पेंड घालणारी धोंडुबाई, पिराजींची बायको.

"कोण पावणं?" तिनं न वळताच विचारलं.

"मावशी, मी विमा कंपनीकडून आलेय. मोरणीचं…"

धोंडुबाई वळली. पेंडीचे हात पदराला पुसले. "आता आलासा? आवं, माणूस मातीत गेलं की!"

अनुजा उंबऱ्याशीच थांबली.

"बसा," धोंडुबाईच म्हणाली. आत जाऊन तिनं दूध आणलं. कोल्हापूरचं माणूस शिव्या घालील, पण पेला दिल्याबिगर घालायचं नाही. "पैशाचं सोडा. म्हस गेली, पैसं बी गेलं. पर कट्ट्यावर त्येंच्या म्हागनं पोरं म्हणायची, कान्या पिराजी आला. मरुस्तवर म्हणत हुती. पाडव्याला आमची म्हस मिरवायची थांबली त्ये थांबलीच. औंदा वरीस सरतंय. ही मोरणीची लेक मिरवायची हाय मला, पर त्येंच्या नावावरचा डाग धुतल्याबिगर कुठल्या तोंडानं मिरवू?"

कोल्हापुरात पाडव्याला म्हशी मिरवतात. अंग भादरायचं, तेल लावायचं, शिंगं रंगवायची, मोरपिसं, घुंगरांचे पट्टे. आणि धनी मोटारसायकल काढतो नि म्हैस तिच्या आवाजामागं शेपूट वर करून पळते. पिराजींच्या मोरणीनं त्या पाडव्याला सगळ्या वेशीचे डोळे दिपवले होते.

"तिचा पट्टा हाय की अजून," धोंडुबाईनं खुंटीवरनं कातडी पट्टा काढून दिला. घुंगरं पितळी रिव्हिटांनी ठोकलेली. "त्येनीच केलता हातानं. चांभाराकडं कदी ग्येलं न्हाईत."

अनुजानं पट्टा उलगडला. मधल्या एका घुंगराच्या जागी नुसतंच भोक होतं. तिनं पर्समधला टॅग काढून पट्ट्याला लावून बघितला. दोन्हीकडचे रिव्हिट एकाच घाण्यातले. म्हणजे टॅग ठोकला होता तो पिराजींनीच. डाग धुवायला आले आणि तो आणखी गडद करून जाणार की काय!

"मावशी, तुमच्या दुसऱ्या कुठल्या म्हशीला कधी टॅग मारला होता?"

"न्हाय बा. येकट्या मोरणीचाच विमा. बाकीच्यांच्या कानाला सुई सुदिक लागली न्हाय."

"दावा फेटाळल्यावर पिराजीकाका काय म्हणाले?"

"कंपनीचं पत्र आलं तवा आमच्या सम्राटची पोलीस भरती चाललेली. त्येनी म्हणालं, घरातलं कुणी मधी पडू नका. काय असंल त्ये माझ्या नावावर. पोराची नोकरी पक्की हुं दे, मग इचारणाऱ्याला सांगीन सगळं." तिनं रेडकाच्या पाठीवर हात फिरवला. "नोकरी पक्की झाली. इचारायला कोण आलंच न्हाय. आणि एक दिस धार काढताना छाती धरून बसलं, त्ये बसलंच."

"सम्राट कुठं असतो?"

"पन्हाळ्याला. पोलिसात हाय. येतो कवातरी, उंबऱ्याभाईर बसून पैसं ठिऊन जातो." आवाज बारीक झाला. "बापासंगं बोलत न्हवता. खांदा द्यायला आला, तवा बी तोंड फिरवून हुता."

अनुजा उठली. दारापर्यंत गेली आणि सहज विचारल्यासारखं तिनं विचारलं, "मावशी, तो टॅग मोरणीच्या कानातनं कधी पडला होता का?"

"पडलता की!" धोंडुबाई म्हणाली. "पाडव्याच्या दुसऱ्या दिशी शेणी थापताना माज्याच हाताला लागला. शेणात हुता."

अनुजा जागच्या जागी उभी राहिली. "हे तुम्ही कुणाला सांगितलं होतं?"

"कुणी इचारलं व्हय मला?"

३

"शेणात सापडला म्हणून धुऊन त्येंच्या हातात दिला," धोंडुबाईनं पुढं सांगितलं होतं. "बराच येळ उलटापालटा करून बघत बसलं. मग आपलं आपणच हासलं, नि खिशात घातला."

हासले? ते हसणं अनुजाच्या डोक्यातून जाईना. टॅग हरवला म्हणून माणूस चिडेल, सापडला म्हणून सुस्कारा टाकील. हसायचं काय त्यात?

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती डॉक्टर अभिराम नगरकरांच्या दवाखान्यात जाऊन बसली. विम्याच्या वेळी टॅग मारणारे हेच, आणि मेल्यावर म्हैस तपासणारेही हेच. माणूस सज्जन, पण अंग चोरणारा. त्यांना आधी घाम फुटला.

"टॅग मी नेहमी उजव्याच कानात मारतो," ते म्हणाले. "शवविच्छेदनाच्या वेळी नंबर जुळवला आणि सही केली. कान बदललाय, हे कागदावर लिहायचं राहिलं. चूक झाली माझी."

"मृत्यू कशानं?"

"पोटफुगी. पाडव्याला लोक लाडानं पुरणपोळ्या, लाडू काय वाटेल ते चारतात. त्यात संशयास्पद काही नव्हतं."

"आणि उजव्या कानाला काय होतं?"

डॉक्टरांनी डोळे मिटले. आठवणीत जायला त्यांना वेळ लागला. "भोक होतं, आणि ते खालपर्यंत फाटलेलं. काहीतरी जड लोंबकळलं असावं. फाटलेला भाग ताजा होता, पण वरचा भाग… तो आतून गुळगुळीत, कातडी धरलेला. जुनं, भरलेलं भोक होतं ते."

"डाव्या कानाचं?"

"ते नवं. कडेला हळद लागलेली. मी यशराजना सांगायला गेलो होतो, पण ते म्हणाले, दोन्ही कानांना भोकं म्हणजे छेडछाड, विषय संपला."

बाहेर पडताना अनुजाला हलकं वाटलं. अर्धं कोडं तिथंच सुटलं होतं. पण उरलेलं अर्धं जास्त टोचणारं होतं, हे तिला अजून ठाऊक नव्हतं.

कंपनीकडं पहिली तक्रार केली होती ज्ञानूनं. कट्ट्यावर शेजारी दूध विकणारा, आणि त्या पाडव्याला मोरणीमुळं ज्याच्या म्हशीकडं कुणी ढुंकून बघितलं नाही, तो हा ज्ञानू. मिशाळ गडी, बोलणं तोफेसारखं. पण पिराजींचं नाव काढताच आवाज खाली आला.

"व्हय, म्याच फोन केलता," तो म्हणाला. "पोटात जळत हुतं, खोटं कशाला बोलू? म्हस मेल्यावर डाव्या कानात बिल्ला बघितला नि वाटलं, कायतरी काळंबेरं हाय. मी नवं भोक बघितलं, मॅडम, लबाडी न्हवती बघितली. कंपनी चौकशी करंल, पिराजीला इचारंल, असं वाटलं. त्येनी इचारलंच न्हाय. सरळ चोर केला की त्येला! मग माजी जीभ उचलंना झाली."

"त्या पाडव्याचा काही फोटो आहे?"

"फोटू? अख्खा व्हिडिओ हाय." त्यानं मोबाइल काढला.

व्हिडिओत आधी नुसता कल्ला ऐकू आला. मग फटफट करत पिराजींची जुनी मोटारसायकल आली, पुढं पिराजी, फेट्याचा शेमला उडतोय. आणि मागं मोरणी! काळीभोर, तेलानं चकाकणारी, शेपूट आभाळाला लावून. उजव्या कानात मोरपिसांचा आणि पितळी घंट्यांचा भलामोठा गोंडा. अनुजानं चित्र थांबवलं, मोठं केलं. उजव्या कानात टॅग नाही. डाव्या कानातही नाही.

"हा गोंडा कुणी बांधला?"

"सम्राटनं. म्हस सजवायची म्हंजे त्येच्याच हातनं. बापाला हात लावू द्यायचा न्हाय." ज्ञानूनं व्हिडिओ मागं घेतला. मिरवणूक सुटायच्या आधीचा गोठा दिसला. एक तरणाबांड पोरगा मोरणीच्या कानाशी वाकला होता, आणि त्याच्या मागच्या खिशातून मोटारसायकलची पकड डोकावत होती.

४

पन्हाळ्याला जायचा रस्ता अनुजाच्या पायाखालचा. पण त्या दिवशी तिला घाट चढूच नये असं वाटत होतं. टॅगच्या मागचा तो सपाट बुंधा पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येत होता. पडलेली पिन झिजून तुटते, वेडीवाकडी तुटते. ही कापलेली होती.

सम्राट खोत ड्यूटी संपवून तीन दरवाजाजवळच्या चहाच्या टपरीवर भेटला. खाकी कडक इस्त्रीची, चेहरा त्याहून कडक.

"मॅडम, तुमी माझ्या आईला उगं आशा लावू नका," तो बसायच्या आधीच म्हणाला. "आबांनी लबाडी केलीती. माझा बाप हाय म्हणून खोटं बोलणार न्हाय मी."

"तुला कसं माहीत?"

"कंपनीच्या पत्रातच लिवलंय की."

"मेलेली म्हैस मोरणीच होती, असं तुझी आई सांगते."

"आई त्यांचीच बाजू घेणार. मी तवा सांगलीला भरतीच्या अकादमीत हुतो. पाडव्याच्या रातीच गेलतो. परत आलो तवर म्हस पुरलीती."

"पण टॅगचा नंबर तर मोरणीचाच होता."

"नंबर कुणी बी घालतंय. तो टॅग तिचा न्हवताच," सम्राट ठामपणे म्हणाला. "आबांनी तसलाच दुसरा कुठनंतरी करून आणलाता. तिचा असणं शक्यच न्हाय."

"शक्यच नाही?"

"न्हाय म्हणजे न्हाय."

अनुजानं चहाचा कप खाली ठेवला. "सम्राट, तू पोलीस आहेस. कुणीतरी छातीवर हात ठेवून सांगितलं, की अमकी वस्तू तिथं असणं शक्यच नाही, तर तू काय समजशील?"

सम्राटनं नजर तीन दरवाजाकडं वळवली.

"मी समजते, की ती वस्तू खरी कुठं होती हे त्याला माहीत आहे."

५

तिनं टॅग टेबलावर ठेवला. त्यानं हात लावला नाही.

"ऐक आता," अनुजा म्हणाली. आवाज चढवला नाही. "मेलेल्या म्हशीच्या उजव्या कानात जुनं भोक होतं, आतून भरलेलं. म्हणजे तिनं त्या कानात बराच काळ टॅग घातला होता. तुमच्या गोठ्यात टॅग एकट्या मोरणीला. म्हणजे मेली ती मोरणीच. तुझ्या बापानं दुसरी म्हैस दाखवली नाही. फसवणूक तिथंच संपली."

सम्राटनं टोपी सरळ केली.

"आता टॅग. पाडव्याला तो कानात नव्हता, व्हिडिओत दिसतंय. पिवळा प्लास्टिकचा तुकडा शोभेच्या आड येतो, आणि गोंडा अडकवायला तयार भोक हवं असतं. कुणीतरी पकडीनं पिन कापली. टॅग शेणात टाकला. कोण, ते मी सांगायला हवं का?"

"सगळीच काढत्यात," सम्राट पुटपुटला. "पाडव्याला कोण तसला बिल्ला ठेवतंय कानात? दिवाळी झाली की डॉक्टरला सांगून नवा मारून घेणार हुतो. मग अकादमीतनं बोलावणं आलं नि ऱ्हाऊन गेलं."

"राहून गेलं. गोंड्याच्या वजनानं तिचा कान फाटला. दुसऱ्या दिवशी शेणी थापताना तुझ्या आईला टॅग सापडला. तिनं तो आबांना दिला. फाटलेल्या कानात परत बसेना, म्हणून त्यांनी आपल्या हातानं केलेल्या पट्ट्यातला एक रिव्हिट काढला, डाव्या कानाला हळद लावली आणि ठोकला. कंपनीला कळवायला हवं होतं, ते कळवलं नाही. चूक म्हणायची तर एवढीच. आठवड्यानं म्हैस मेली."

"म्हंजे…" सम्राटनं आता टॅग उचलला. पालथा केला. सपाट कापलेल्या बुंध्यावरून अंगठा फिरवला. पन्हाळ्याचा वारा भणाणत होता, पण त्याच्या कपाळावर घाम होता. "म्हंजे हा त्योच. मी टाकलेला."

"तोच."

"मला वाटलं, खरा टॅग तर शेणखड्ड्यात कुजला. मग हा आला कुठनं? आबांनीच बनावट केला. घरी आलो तर म्हणालं, काय असंल त्ये माझ्या नावावर. मला वाटलं, कबूलच करत्यात."

"तुझी भरती चालली होती. तुझं नाव विम्याच्या भानगडीत येऊ नये म्हणून ते गप्प बसले. कोर्टातही गप्पच. नुसतं म्हणत राहिले, माझं ऐकून तरी घ्या."

टपरीवाल्यानं चहा बदलून आणला आणि चेहरा बघून तसाच मागं फिरला.

"आबास्नी ठावं हुतं, मी कापला म्हणून?" शेवटी त्यानं विचारलं.

अनुजाला खोटं बोलावंसं वाटलं. एक क्षण तिनं तसा विचारही केला. पण ऐकून घेण्याचं काम घेतलं होतं, सांगायचं कसं टाळणार?

"टॅग हातात आला तेव्हा त्यांनी तो उलटा करून बघितला, असं तुझी आई म्हणते. कापलेली पिन बघितली. आणि हसले."

सम्राटनं टोपी काढली आणि तोंडावर धरली. हा एवढा थोरला गडी, भर टपरीवर, खाकीत, हुंदके देऊन रडायला लागला. अनुजानं मान दुसरीकडं वळवली. तिलाही भरून आलं होतं.

६

राजारामपुरीतल्या ऑफिसात सुनावणी झाली. डॉक्टरांनी कानाचं सांगितलं, ज्ञानूनं व्हिडिओ दाखवला आणि न विचारता माफी मागितली. धोंडुबाईनं शेणीचं सांगितलं. यशराज पुण्याहून फोनवर होता. टॅग काढणं हा पॉलिसीचा भंग आहे, एवढं तरी लिहा, म्हणाला. अनुजानं तेही लिहिलं. खरं होतं ते. त्यावरून रक्कम द्यायची की कापायची, हे कंपनीनं आणि अधिकार असलेल्या मंचानं ठरवावं. पण म्हैस विम्याचीच होती आणि पिराजी खोतांनी फसवणूक केली नाही, हे तिनं पहिल्या ओळीत लिहिलं.

शेवटी सम्राट उभा राहिला. टॅग मी कापला, असं त्यानं सांगितलं. सही केली. मग निघायच्या ऐवजी तिथंच घुटमळला.

"मॅडम, कोर्टाच्या कागदात लिवलंय, कंपनीनं त्यास्नी बाजू मांडायची संधी दिली न्हाय. खरं हाय. मी रोज चोरा-भामट्यांची जबानी घेतो. काय रं, कसं झालं, म्हणून प्रत्येकाला इचारतो. आबास्नी येकदा इचारलं असतं, तर त्येनी मला सांगितलं असतं. मला सांगितलंच असतं की वो."

धोंडुबाई त्याच्याजवळ गेली. तिनं त्याचा दंड धरला, जोरात धरला. "चल घरला," एवढंच म्हणाली.

पाडव्याला अनुजा गंगावेशीत गेली. कामासाठी नाही, अशीच. खोतांच्या बोळात पोरांची ही गर्दी. सम्राट मोरणीच्या लेकीला तेल लावत होता. शिंगं रंगली होती, पट्टा चढला होता. त्यातल्या मोकळ्या भोकात त्यानं नवं घुंगरू बसवलं नव्हतं. गोंडा शिंगाला बांधला होता.

म्हशीच्या उजव्या कानात नवाकोरा पिवळा टॅग लखलखत होता. एवढ्या नटलेल्या जनावरावर तो अगदीच विजोड दिसत होता.

"आरं सम्राट, त्यो पिवळा पत्रा तरी काढ की!" ज्ञानू ओरडला. "सगळी शोभा घालवतोयस!"

पोरं हसली. सम्राट हसला नाही. त्यानं तेलाचा हात पुसला आणि म्हशीचा कान हळूच तळव्यावर घेतला.

"ऱ्हाऊ दे," तो म्हणाला.

मग त्यानं बापाची मोटारसायकल बाहेर ओढली आणि किक मारली. तो जुना फटफटाट बोळात घुमला तशी मोरणीची लेक शेपूट वर करून त्याच्यामागं सुटली. आवाज ऐकून धोंडुबाई हातातली आरती तशीच घेऊन धावत दारात आली, गाडीवर कोण बसलंय ते बघितलं, आणि चौकटीला धरून उभी राहिली.